मॉन्टेसरीची खेळणी मुळात विशेष मुलांची : डॉ. मारिया मॉन्टेसरी यांची जीवनकहाणी

आपल्या शहरात, मोहल्ल्यात ‘मॉन्टेसरी’ अशी पाटी लावलेली एखादी तरी बालवाडी असतेच. आत रंगीत मनोरे, लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा. फी ऐकली की साधा माणूस दोन मिनिटं गप्पच बसतो. आणि घरात एखादं मूल उशिरा बोलणारं असेल, एका जागी न बसणारं असेल, त्याची समज वयापेक्षा मागे असेल, तर अशा बऱ्याच शाळांच्या दारातून आई-वडिलांना गोड शब्दांत परत पाठवलं जातं. आमच्याकडे हे जमणार नाही, तुम्ही दुसरीकडे बघा, असं सांगितलं जातं.

गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, पण त्या लाकडी ठोकळ्यांना सगळ्यात आधी हात लावला तो अशाच मुलांनी. ज्या बाईंचं नाव त्या पाटीवर आहे, त्यांनी आपलं काम सुरू केलं ते लोकांनी ‘वेडी’ म्हणून कोंडून ठेवलेल्या मुलांपासून. हे फार कमी लोकांना माहीत आहे. म्हणूनच आज आम्ही डॉ. मारिया मॉन्टेसरी यांची कहाणी सांगायचं ठरवलं.

इंजिनिअर व्हायचं होतं, झाल्या डॉक्टर

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या क्याराव्हाले या छोट्या गावात झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत. आई रेनिल्दे शिकलेली, वाचनाची आवड असलेली. मारिया लहान असतानाच कुटुंब रोमला आलं. एकुलती एक मुलगी. त्या काळी मुलगी शिकली तर फार तर शिक्षिका होणार, अशी सगळ्यांची समजूत. मारियांनी मात्र तांत्रिक शाळेत नाव घातलं. गणित आवडायचं, इंजिनिअर व्हायचं मनात होतं. पुढे मन बदललं आणि त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. वडिलांना ते फारसं रुचलं नाही, आई मात्र पाठीशी उभी राहिली.

रोमच्या मेडिकल कॉलेजात सगळीकडे मुलगेच. प्रेताची चिरफाड शिकायचा वर्ग असे, पण मुलांबरोबर एका मुलीने तिथे उभं राहणं सभ्यपणाचं मानलं जात नव्हतं. मग मारियांनी काय केलं? सगळे घरी गेले की त्या एकट्याच त्या खोलीत जाऊन अभ्यास करत. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या काही महिला डॉक्टरांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. त्याच वर्षी बर्लिनला झालेल्या महिलांच्या परिषदेत त्यांनी इटलीची प्रतिनिधी म्हणून भाषण केलं आणि स्त्री कामगारांना पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, असं ठणकावून सांगितलं.

भाकरीच्या चुऱ्याची गोष्ट

डॉक्टर झाल्यावर मारिया रोम विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागल्या. या कामासाठी त्यांना शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथे मोठ्या रुग्णांच्या सोबतीने लहान मुलंही ठेवलेली असत. कुणी बोलत नसे, कुणाला फिट येत, कुणाची समज कमी. शाळेने नाकारलेली, घराने सोडलेली. त्यांच्यासाठी वेगळी सोय नव्हतीच.

अशाच एका ठिकाणची एक हकिकत सांगितली जाते. एका उघड्याबोडक्या खोलीत ही मुलं कोंडलेली होती. जेवण झालं की ती जमिनीवर रांगत जाऊन भाकरीचा सांडलेला चुरा गोळा करायची. त्यांची देखभाल करणारी बाई किळसून म्हणायची की ही मुलं हावरट आहेत. मारियांनी नीट पाहिलं. पोट भरलेलं होतं, तरी मुलं तो चुरा बोटांत धरत होती, चोळत होती, चाचपत होती. मग त्यांनी खोलीत नजर फिरवली. हातात धरता येईल अशी एकही वस्तू तिथे नव्हती. भुकेले होते ते हात.

इथून त्यांचा विचार पालटला. या मुलांना औषध हवंच, पण त्याहून जास्त तालीम हवी, आणि ती हातांच्या वाटेने द्यायला हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं.

दोन जुने उस्ताद

आता ही तालीम द्यायची कशी? मारिया पुस्तकं शोधू लागल्या आणि त्यांना दोन फ्रेंच डॉक्टर सापडले.

पहिले जाँ इतार. १८०० च्या सुमारास फ्रान्समधल्या आव्हेरोंच्या जंगलात एक मुलगा सापडला होता. माणसांत न वाढलेला, न बोलणारा. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतल्या या तरुण डॉक्टरांनी त्या मुलाला काही वर्षं शिकवलं. गरम-थंड पाणी, आवाज, आकार अशा गोष्टींतून त्याची इंद्रियं जागी करायचा प्रयत्न केला. मुलगा बोलायला शिकला नाही, पण शिकवण्याची एक नवी वाट सापडली.

दुसरे एदुआर सेगँ, इतार यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी पॅरिसमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. मणी ओवणे, बटण लावणे, खिळे भोकांत बसवणे, लाकडी आकार त्यांच्या जागी ठेवणे, अशी साधनं वापरली. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तिथेही हेच काम करत राहिले. आपल्यापैकी ज्यांनी मुलाला तपासणीसाठी मानसशास्त्रज्ञांकडे नेलं असेल, त्यांनी एक लाकडी पाटी पाहिली असेल. तिच्यात गोल, चौकोन, चांदणी असे दहा आकार बसवायचे असतात. त्या पाटीला आजही सेगँ यांचंच नाव आहे.

मारियांनी या दोघांचं लिखाण नुसतं वाचलं नाही. सेगँ यांचं तर सहाशे पानांचं पुस्तक. त्यांनी ते सगळं स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढलं, म्हणजे एकेक शब्द तोलून समजावा. आज फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवून देण्याच्या जमान्यात ही मेहनत आपल्याला कळणंही अवघड आहे.

सकाळी आठ ते संध्याकाळी सात

१९०० साली रोममध्ये विशेष मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली. तिची जबाबदारी डॉ. मारिया आणि त्यांचे सहकारी डॉ. ज्युझेप्पे मॉन्तेसानो यांच्याकडे आली. वेड्यांच्या इस्पितळातली आणि शाळांनी काढून टाकलेली मुलं इथे आणली गेली.

मारिया सकाळी आठला मुलांमध्ये येत आणि संध्याकाळी सातपर्यंत थांबत. रात्री दिवसभराच्या नोंदी लिहीत. एक डॉक्टरीणबाई, विद्यापीठात मान असलेली, जमिनीवर मुलांजवळ बसून एकेक ठोकळा हातात देते आहे, हे चित्र त्या काळी लोकांना विचित्रच वाटलं असणार.

इथेच त्यांनी सेगँ यांच्या साधनांत भर घातली, काही बदलली, काही नव्याने बनवून घेतली. त्यात कापडाच्या चौकटी होत्या, एकीवर बटणं, एकीवर नाडी, एकीवर हूक. मूल अंगातल्या शर्टाशी झगडण्याआधी चौकटीवर सराव करणार. लाकडाची अक्षरं होती. स्वर लाल, व्यंजनं निळी. मूल त्यांच्यावरून बोट फिरवणार, म्हणजे अक्षर डोळ्यांआधी बोटाला पाठ होणार.

एक छोटी गोष्ट त्यांच्या सगळ्या कामाची किल्ली ठरली. एका मुलीला शिवणकाम जमत नव्हतं. कितीही दाखवलं तरी सुई हातात धरून गोंधळ. मारियांनी शिवण बाजूला ठेवलं आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली, एक पट्टी वर, एक खाली. हात त्यात तरबेज झाले आणि मग सुई दिली, तर ती मुलगी शिवू लागली. म्हणजे काम जमत नाही म्हणून तेच काम शंभर वेळा करून घ्यायचं नाही. त्या कामाला लागणारी हाताची हालचाल आधी वेगळ्या, सोप्या खेळातून शिकवायची. ज्या आया लेकराच्या हातात पेन्सिल कोंबून थकल्या आहेत, त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

या शाळेतली काही मुलं वाचायला-लिहायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने सरकारी परीक्षेला बसून पास झाली. रोममध्ये हा चमत्कार म्हणून गाजला. लोक वाहवा करत होते, पण मारियांच्या डोक्यात वेगळाच सवाल होता. ज्यांना सगळ्यांनी टाकून दिलं ती मुलं इथवर पोहोचली, तर धडधाकट मुलांच्या शाळा असं काय करत आहेत की तीही तिथवरच अडकली?

आणखी एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवली. साधन एकटं काही करत नाही. मुलाला हाक मारणारा आवाज, त्याच्यावर विश्वास ठेवणारं माणूस समोर असलं तरच ठोकळ्याला अर्थ येतो. कीव करून चालत नाही, इज्जत द्यावी लागते.

स्वतःचं लेकरू दूर

या काळातली एक दुःखाची गोष्ट टाळून पुढे जाणं आम्हाला बरोबर वाटत नाही. डॉ. मॉन्तेसानो आणि मारिया यांना १८९८ मध्ये एक मुलगा झाला, मारिओ. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. त्या काळच्या समाजात हे उघड झालं असतं तर मारियांचं सगळं काम तिथेच संपलं असतं. मुलाला गावाकडच्या एका कुटुंबात वाढायला ठेवलं गेलं. मारिया अधूनमधून भेटायला जात, पण आपण आई आहोत हे सांगत नसत. १९०१ मध्ये मॉन्तेसानो यांनी दुसरीकडे लग्न केलं आणि मारियांनी ती संस्था सोडली. लोकांच्या मुलांना दिवसाचे अकरा तास देणाऱ्या या बाईला स्वतःच्या मुलाचं बालपण मिळालं नाही. मारिओ पंधराएक वर्षांचा झाल्यावर आईजवळ राहायला आला आणि मग शेवटपर्यंत तिचा उजवा हात बनून राहिला. तरीही कितीतरी वर्षं जगासमोर त्याची ओळख भाचा किंवा मानलेला मुलगा अशीच करून दिली जाई.

सॅन लोरेन्झोची खोली

संस्था सोडल्यावर मारिया पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी होऊन शिकल्या. मग ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे मुलांचं घर, सुरू केलं. आई-बाप कामावर गेले की दिवसभर जिन्यांत धुडगूस घालणारी तीन ते सहा वर्षांची पन्नासेक मुलं. विशेष मुलांसाठी तयार केलेली साधनं मारियांनी या मुलांपुढे ठेवली.

आज जगभर ओळखली जाणारी साधनं इथे घडत गेली. दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा. लाकडाच्या ठोकळ्यात बरोबर बसणारे गोल खुंटे. खरखरीत-मऊ पाट्या, हलक्या-जड पट्ट्या, हलवून आवाज ओळखायच्या डब्या. प्रत्येक साधनात एकच गोष्ट शिकायची. मनोऱ्याचे सगळे ठोकळे एकाच रंगाचे, कारण तिथे फक्त लहान-मोठं कळायला हवं. आणि चूक झाली तर ती साधनच दाखवणार. खुंटा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतोच. बाईंनी ओरडायची गरज नाही.

लाकडी अक्षरं महाग होती, पुन्हा करून घेणं परवडेना. म्हणून मारियांनी काचपेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. ती जास्त चांगली निघाली, कारण बोटाला खरखर लागत होती. गरिबीतून निघालेली ही युक्ती आज महागड्या शाळांत चकचकीत डब्यातून मिळते! काही महिन्यांनी, हिवाळ्यातल्या एका दिवशी गच्चीवर एका पाच वर्षांच्या मुलाने खडूने धुराडं काढलं आणि मग त्याच्याजवळ शब्द लिहिला. कुणी लिहायला शिकवलं नव्हतं. हात आधीच तयार झाला होता.

यानंतर नाव झालं. १९०९ मध्ये पुस्तक आलं, तीन वर्षांत इंग्रजीतही उतरलं. अमेरिकेत सभा, स्पेनमध्ये शाळा, १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना. इटलीत मुसोलिनीच्या सरकारने आधी त्यांना डोक्यावर घेतलं, मग मुलांना शिस्तीचे शिपाई बनवण्यावरून बिनसलं आणि १९३४ मध्ये तिथल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी सुरू झाली, तिथूनही निघावं लागलं. हॉलंडने आसरा दिला.

मद्रास, आणि आपलं अहमदनगर

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या बोलावण्यावरून मारिया आणि मारिओ मद्रासजवळच्या अड्यारला आले. झावळ्यांच्या झोपड्यांत वर्ग भरला. देशभरातून तीनशेच्या आसपास शिक्षक आले. मारिया इटालियनमध्ये बोलत, मारिओ इंग्रजीत सांगत. काही महिने राहून परत जायचं होतं, पण जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि हे दोघे इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू देशाचे नागरिक झाले. मारियांना अड्यारच्या आवारात ठेवलं. मारिओला पाठवलं ते आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या नजरकैदेच्या छावणीत.

त्या ३१ ऑगस्टला मारिया सत्तर वर्षांच्या झाल्या. व्हाइसरॉयनी वाढदिवसाची भेट म्हणून मारिओची सुटका केली आणि तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असा केला, असं सांगतात. आयुष्यभर जे नातं लपवावं लागलं, त्याला परक्या देशातल्या सरकारी कागदावर नाव मिळालं. आम्हाला या सगळ्या कहाणीत ही जागा सगळ्यात जास्त चटका लावून जाते.

युद्धाच्या वर्षांत मारिया कोडाइकनालला राहिल्या, देशात ठिकठिकाणी शिकवत हिंडल्या. त्यांच्या हाताखाली इथे हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले. त्या येण्याआधीच गुजरातेत गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्या मातीत रुजवायला सुरुवात केली होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा परदेशी साधनं परवडणारी नव्हतीच. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथलीच.

मारिया १९४९ मध्ये भारतातून कायमच्या युरोपला परतल्या. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षं नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, पण पुरस्कार मिळाला नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधल्या नोर्डविक या समुद्राकाठच्या गावात त्यांचं निधन झालं. तिथेच त्यांची कबर आहे. पुढे इटलीने हजार लिराच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं.

आपल्या घरातल्या मुलासाठी

ही कहाणी वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, मोठी माणसं होती, आपण काय करणार? तर सांगतो.

दुकानातली महागडी पेटी घेतलीच पाहिजे असं नाही. ईदच्या कपड्यांच्या उरलेल्या चिंध्या घ्या, रेशीम, मखमल, सुती, गोणपाट, प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे. मुलाने डोळे मिटून जोड्या लावायच्या. सारख्या डब्यांत तांदूळ, राजमा, रवा भरून झाकण पक्कं चिकटवा आणि आवाज ओळखायला द्या. अब्बूंच्या जुन्या शर्टाची बटणपट्टी कापून लाकडी चौकटीवर ठोका. हार्डवेअरच्या दुकानातून काचपेपर आणा आणि अक्षर कापा, मग तो मराठीचा अ असो की उर्दूचा अलिफ. एका वेळी एकच खेळ, एकच गोष्ट. वस्तू तोंडात घालणारं मूल असेल तर बारीक मणी-दाणे उघडे ठेवू नका आणि जवळ बसा. काही मुलांना खरखर किंवा मोठा आवाज सहन होत नाही, तिथे जबरदस्ती नको. शक्य असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारून खेळ निवडा.

आणि हे औषधाच्या, तपासणीच्या, शाळेच्या जागी नाही, सोबतीला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. प्रमाणपत्र काढायला लाजू नका. शाळेने दारातून परत पाठवलं तर लेखी कारण मागा.

सगळ्यात आधी मात्र एक करा. पाहुणे आले की ज्या लेकराला आतल्या खोलीत बसवलं जातं, त्याला बाहेर आणा. दादीने, खालाने त्याच्या हातात काहीतरी द्यावं, दोन मिनिटं त्याच्याजवळ बसून बघावं की ते त्याचं काय करतं. सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रोमच्या त्या कोंडलेल्या खोलीत सुरुवातीला एवढंच केलं होतं. ओरडण्याआधी त्यांनी मुलांच्या हातांकडे पाहिलं होतं.